एका यंत्राचे दोन कारभारी

एका म्यानांत दोन तलवारी राहात नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. मात्र तिचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. दोन तलवारी बाळगूं नयेत असें ती म्हणत नाहीं. दोन्ही एका वेळीं एकाच म्यानांत घालूं नयेत, एवढेंच म्हणते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसविणारा मनुष्य हा नियम तंतोतंत पाळीत असतो. यंत्र सुरू करतांना तो दोहोंपैकीं एकीची निवड करतो. तिच्याकडचें काम आटोपलें म्हणजे यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतो आणि दुसरीला पाचारण करतो. दोघींचें वास्तव्य एकाच डिस्कवर असतें, पण एक जागी असते तेव्हां दुसरी गाढ निद्रेंत असते. या व्यवस्थेला ‘ड्युअल बूट’ असें नांव आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कळफलकावर बोट पडलें कीं तें अक्षर कोठें पोंचवावयाचें, स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कार्यक्रमाला द्यावयाचा, डिस्कवरील कोणती जागा भरलेली व कोणती मोकळी, याचा सर्व हिशेब त्याच्याकडे असतो. हा कारभारी स्वभावतःच एकछत्री असतो. आपण झोंपलेले असतां दुसरा कोणी येऊन दप्तर उघडून बसतो, ही कल्पना त्याच्या मनाला शिवतहि नाहीं. ड्युअल बूटमध्यें ज्या अडचणी येतात त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ या एकाच गोष्टींत आहे. आणि तें एकदां उमगलें म्हणजे सावधगिरीचे नियम पाठ करावे लागत नाहींत, ते आपोआप सुचतात.

मग ही उठाठेव करावयाचीच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पुष्कळांना तिची गरज नसते, हें प्रथमच सांगितलेलें बरें. परंतु तालुक्याच्या गांवीं छापखाना चालविणाऱ्या एखाद्या गृहस्थाची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. त्याचा संगणक नऊ-दहा वर्षांचा, अद्याप धडधाकट, आणि त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. ज्यांनीं वाढीव मुदतीसाठीं नोंदणी केली ते वगळतां इतरांना तिच्यांतील सुरक्षिततेच्या उणिवांवरील दुरुस्त्या मिळणें त्या दिवसापासून बंद झालें. विंडोज ११ घ्यावी, तर ती टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची चीप आणि बहुतांशीं २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर मागते. म्हणजे यंत्र उत्तम चालत असूनहि दारांतच अडतें. इकडे त्याच्या छापखान्याचीं वीस वर्षांचीं पुस्तकें युनिकोडपूर्व काळच्या मराठी टंकांत, पेजमेकरवर जुळविलेलीं, हिशेब टॅलींत. यांपैकीं एकहि साधन लिनक्ससाठीं लिहिलेलें नाहीं. विंडोज टाकून देणें त्याला परवडत नाहीं, आणि असुरक्षित विंडोजवरून बँकेचे व्यवहार करणें दिवसेंदिवस अधिक धोक्याचें. अशा माणसानें त्याच यंत्रावर लिनक्स बसवून पत्रव्यवहार, बँक आणि इंटरनेट तिकडे न्यावें व विंडोजला इंटरनेटपासून तोडून केवळ अक्षरजुळणीपुरतें ठेवावें, हा मार्ग शहाणपणाचा आहे. लिनक्सला पैसेहि पडत नाहींत. विद्यार्थ्यांचीं व प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचीं कारणें निराळीं असतील. पण खरी गरज बहुधा अशीच असते. एक सिस्टीम सोडतां येत नाहीं आणि तिच्यावर सर्वस्वीं विसंबतांहि येत नाहीं.

डिस्कची अशी वांटणी होणार हें यंत्र बनविणाऱ्यांनीं आरंभींच ओळखलें होतें. आयबीएम कंपनीनें १९८३ सालीं पीसी-एक्सटी हें हार्ड डिस्क असलेलें यंत्र बाजारांत आणलें. डिस्क १० मेगाबाईटची. आज मोबाईलनें काढलेलीं दोन-चार छायाचित्रें तींत मावतील. त्या वेळच्या डॉस २.० नें डिस्कच्या अगदीं पहिल्या कप्प्यांत, ५१२ बाईटच्या चिमुकल्या जागेंत, चार ओळींचें एक कोष्टक ठेवलें. डिस्कचा एकेक भाग कोठून कोठवर आहे तें प्रत्येक ओळीनें सांगावयाचें, आणि ज्या भागांतून यंत्र सुरू करावयाचें त्यावर खूण करावयाची. या भागाला पार्टिशन म्हणतात. स्वतः डॉसला त्या काळीं चारांपैकीं एकच पार्टिशन वापरतां येत असे. उरलेल्या तीन ओळी दुसऱ्या सिस्टीमसाठींच राखलेल्या होत्या.

लिनक्सचा जन्महि असाच वांटलेल्या डिस्कवर झाला. हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आपल्या घरच्या संगणकावर मिनिक्स नांवाची सिस्टीम बसविली होती, व तिच्याच आधारानें तो स्वतःची नवी सिस्टीम रचीत होता. एके दिवशीं मोडेमकडे धाडावयाची टेलिफोन जोडण्याची आज्ञा त्यानें चुकून डिस्कच्या पार्टिशनकडे धाडली. मिनिक्सचें पार्टिशन त्यामुळें बिघडून गेलें. तें पुन्हां उभारण्याऐवजीं त्यानें आपली अर्धवट सिस्टीमच स्वतःच्या पायांवर उभी करण्याचा निश्चय केला. ही हकीकत मौजेची वाटते ती शेवट गोड झाला म्हणून. ज्या गृहस्थाच्या डिस्कवर वीस वर्षांचीं पुस्तकें आहेत त्याच्या हातून अशी आज्ञा चुकली तर तींतून नवें कांहीं जन्मास येणार नाहीं.

यंत्राची कळ दाबली कीं प्रथम जागी होते ती दोहोंपैकीं कोणतीच सिस्टीम नव्हे. मदरबोर्डवर कायमची बसविलेली एक लहानशी आज्ञावली अगोदर उठते. जुन्या यंत्रांत ती बायोस या नांवानें ओळखली जाई. अलीकडच्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयनें घेतली आहे. बायोस फार भोळा होता. डिस्कचा पहिला कप्पा उघडावयाचा आणि तेथें जें सांपडेल त्याच्या हातीं यंत्र सोंपवावयाचें, एवढेंच त्याला ठाऊक. त्या एका कप्प्यावर ज्याचा ताबा त्याचें राज्य. म्हणूनच ‘आधीं विंडोज, मग लिनक्स’ हा नियम रूढ झाला. कारण मागाहून आलेली विंडोज तो कप्पा खुशाल पुसून तेथें आपलें लिखाण करी, आणि लिनक्स डिस्कवर शाबूत असूनहि तिच्याकडे जाण्याची वाट बुजून जाई.

यूईएफआयनें हा जुलूम बराचसा थांबविला. आतां डिस्कवर एक छोटें स्वतंत्र पार्टिशन असतें, बहुधा कांहींशें मेगाबाईटचें. त्यांत प्रत्येक सिस्टीम आपापल्या नांवाच्या फोल्डरमध्यें आपला सुरुवातीचा कार्यक्रम ठेवते, आणि मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतींत त्या नांवांची क्रमवार यादी बाळगतो. लिनक्स बसविली म्हणजे या यादींत सामान्यतः ग्रब नांवाच्या कार्यक्रमाला पहिला क्रमांक मिळतो. ग्रब पडद्यावर सिस्टीमांचीं नांवें दाखवितो, कांहीं सेकंद वाट पाहतो, आणि कोणी कांहींच न केल्यास पहिलें नांव स्वीकारतो. विंडोज निवडली तर तो यंत्र विंडोजच्या स्वतःच्या बूट मॅनेजरच्या स्वाधीन करून बाजूला होतो. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम कधींकधीं उलटतो आणि ग्रबचें दर्शन होईनासें होतें. लिनक्स पुसली गेली अशा समजुतीनें घाबरून जाण्याचें तेव्हां कारण नसतें. यूईएफआयच्या पडद्यावर जाऊन क्रम पूर्ववत् केला कीं भागतें. दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीनें बसविल्या पाहिजेत, एवढें मात्र पाहावें. एक जुन्या बायोसच्या रीतीनें व दुसरी यूईएफआयच्या रीतीनें बसविली तर ग्रबला दुसरीकडे जाण्याची वाट देतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष वांटणी. येथें झालेली चूक पुष्कळदां सुधारण्याजोगी नसते, म्हणून थोडें सावकाश गेलें पाहिजे. पहिली गोष्ट, डिस्कवरील सर्व कामाची प्रत दुसऱ्या वेगळ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून सोडवून ठेवावी. ‘सगळें डी ड्राईव्हवर घातलें आहे’ असें समाधानानें सांगणारे लोक भेटतात. सी आणि डी हीं बहुधा एकाच डिस्कचीं दोन पार्टिशनें असतात, आणि वांटणीचें कोष्टक बिघडलें कीं दोन्ही एकदमच दिसेनाशीं होतात.

दुसरी गोष्ट कुलुपाची. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत विंडोज सारी डिस्क आपण होऊन कुलुपबंद करते. या सोयीला बिटलॉकर म्हणतात, आणि ती चालू आहे हें मालकाच्या गांवींहि नसतें. यंत्र सुरू होण्याच्या वाटेंत कांहीं बदल झालेला दिसला कीं हें कुलूप संशय घेतें आणि ४८ अंकी किल्ली मागतें. ती किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते, किंवा त्यानें कोठें लिहून ठेवलेली असते. नसली तर डिस्कवरचा मजकूर डिस्कवरच राहतो आणि कोणालाहि वाचतां येत नाहीं. तेव्हां कांहींहि करण्यापूर्वीं ते ४८ अंक कागदावर उतरवून घ्यावेत, आणि शक्य तर कुलूप पूर्णपणें काढून मगच पुढें जावें.

विंडोजची जागा कमी करावयाची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट या साधनानें करावी. आपलीं कोणतीं दप्तरें कोठें आहेत हें ज्याचें त्यालाच चांगलें कळतें. या वेळीं डिस्कवर २०० गिगाबाईट मोकळे दिसत असूनहि साधन ५०-६० च सोडावयास तयार होतें, असा अनुभव पुष्कळांना येतो. कांहीं फाइली विंडोज चालू असतांना जागच्या हलवितां येत नाहींत, व त्यांच्या अलीकडे हात पोंचत नाहीं. उबुंटू ही लिनक्सची लोकप्रिय आवृत्ति किमान २५ गिगाबाईट जागा असावी असें सुचवीत आली आहे; रोजच्या वापराला त्याच्या दुप्पट असलेली बरी. मोकळी केलेली जागा तशीच कोरी ठेवावी.

लिनक्सची एक मोठी सोय अशी कीं ती डिस्कला स्पर्शहि न करतां पेनड्राईव्हवरून चालवून पाहतां येते. या वेळीं वायफाय लागतो काय, छपाईचें यंत्र ओळखलें जातें काय, देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो काय, हें सर्व तासाभरांत तपासून घ्यावें. समाधान झालें तरच बसविण्याचा कार्यक्रम सुरू करावा. तो एका ठिकाणीं थांबून विचारतो: लिनक्स विंडोजच्या शेजारीं बसवावयाची, कीं सारी डिस्क पुसून बसवावयाची? दोन्ही उत्तरें एकाखालीं एक, सारख्याच अक्षरांत छापलेलीं असतात. घाईंत खालच्या ओळीवर बोट पडलें आणि पुढच्या पडद्यावर न वाचतां होकार दिला, तर छापखान्याचीं वीस वर्षें पांच मिनिटांत संपतात.

येथवर सुखरूप पोंचलेल्या माणसाला वाटतें कीं काम झालें. दोन कारभाऱ्यांचा खरा संसार येथून सुरू होतो. पहिला खटका बहुधा फाइलींवरून उडतो. लिनक्सला विंडोजचें पार्टिशन वाचतां येतें व त्यांत लिहितांहि येतें. उलट विंडोजला लिनक्सचें पार्टिशन साध्या मार्गानें दिसत नाहीं. म्हणून दोघींना लागणाऱ्या फाइली विंडोजच्या बाजूला ठेवल्या जातात. परंतु २०१२ सालीं आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची एक युक्ति रूढ झाली आहे. ‘शट डाऊन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं लौकर उठतां यावें म्हणून आपल्या मनांतील कांहीं भाग जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवते. म्हणजे कारभारी दिवा मालवून गेला, पण मेजावर वही उघडी आणि शेवटची बेरीज अर्धवट. अशा वेळीं लिनक्सनें येऊन त्याच वहींत चार नव्या रकमा मांडल्या, तर सकाळीं परतलेला कारभारी वहीकडे पाहात नाहीं. कालची बेरीज त्याच्या डोक्यांत पक्की असते, ती तो वर लिहून मोकळा होतो. फाइली नाहींशा होतात, कोष्टकें बिघडतात, आणि दोष मात्र लिनक्सच्या माथीं मारला जातो. लिनक्स बहुधा हा धोका ओळखते व त्या पार्टिशनमध्यें लिहिण्यास नकार देते. हा नकार कटकट समजून बळानें मोडून काढण्याचे उपाय कांहीं लोक एकमेकांना सुचवितात. ते ऐकूं नयेत. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करणें हाच खरा उपाय. ‘रीस्टार्ट’ म्हटल्यास मात्र विंडोज मुळांतून बंद होऊन पुन्हां उठते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा खटका घड्याळाचा, आणि तो हिंदुस्थानांत विशेष विचित्र दिसतो. यंत्र बंद असतांनाहि मदरबोर्डवरील एक लहान घड्याळ बॅटरीवर चालू असतें. विंडोज, डॉसच्या जुन्या परंपरेला अनुसरून, त्यांत स्थानिक वेळ लावते. लिनक्स त्यांत ग्रीनिचला धरून चालणारी जागतिक वेळ लावते आणि भारतासाठीं साडेपांच तास मनांत मिळवून पडद्यावर दाखविते. दोघींचा हिशेब आपापल्या परीनें बिनचूक. पण घड्याळ एकच. दुपारीं ३ वाजतां लिनक्स बंद करून विंडोज उघडली तर ती सकाळचे ९॥ वाजल्याचें सांगते. उलट विंडोजनें ३ लावून ठेवले तर लिनक्स उठतांच रात्रीचे ८॥ दाखविते. इंटरनेट असलें तर थोड्या वेळानें चूक दुरुस्त होते. पण जी विंडोज मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवली आहे तिच्यांत ती तशीच राहते, आणि बिलांवर व फाइलींवर खोट्या वेळा पडत जातात. रात्रीं १२ ते पहाटे ५॥ च्या दरम्यान तर तारीखहि आदल्या दिवसाची पडते. उपाय एका आज्ञेचा आहे: स्थानिक वेळ लावण्यास लिनक्सला सांगावें. विंडोजला जागतिक वेळ शिकवितां येते, पण त्यासाठीं तिच्या रजिस्ट्रींत हात घालावा लागतो, आणि नवख्यानें तेथें न गेलेलें बरें.

कधींकधीं वापरणाऱ्याची कांहींहि चूक नसतां संकट येतें. यूईएफआयमध्यें ‘सिक्युअर बूट’ नांवाचा पहारेकरी असतो. ज्या कार्यक्रमावर मान्य सही आहे त्यालाच तो आंत सोडतो. लिनक्सच्या प्रारंभींच्या शिम या छोट्या कार्यक्रमावर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनें शिमच्या सदोष जुन्या आवृत्त्या बाद ठरविल्या. ड्युअल बूटच्या यंत्रांना याचा स्पर्श होऊं नये अशी योजना होती, परंतु कित्येक यंत्रांवर दोन सिस्टीम आहेत हेंच विंडोजला ओळखतां आलें नाहीं. परिणामीं अनेकांची लिनक्स दारावरच अडविली गेली. सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून लिनक्समध्यें शिरावें आणि बाद आवृत्त्यांची नोंद पूर्ववत् करावी, असा मार्ग निघाला. विंडोजच्या बाजूची दुरुस्ती मे २०२५ मधील अपडेटनें झाली. त्या काळांत पेनड्राईव्हवरील लिनक्स जपून ठेवणाऱ्यांना निदान आपल्या फाइलींपर्यंत पोंचतां आलें. मात्र त्यांपैकीं कांहींचा पेनड्राईव्हहि जुनाच होता, आणि पहारेकऱ्यानें त्यालाहि अडविलें.

हा सर्व त्रास कमी करण्याचा एक सोपा मार्ग आहे, तो दोन डिस्कांचा. यंत्रांत दुसरी डिस्क बसविण्यास जागा असली तर लिनक्सला स्वतंत्र डिस्क द्यावी, आणि बसवितांना विंडोजची डिस्क चक्क सोडवून ठेवावी. मग चुकीच्या ओळीवर बोट पडलें तरी पुसण्याजोगें तेथें कांहींच नसतें. दोघींचीं प्रारंभींचीं पार्टिशनेंहि वेगळीं होतात, आणि एकीच्या अपडेटचा धक्का दुसरीला क्वचितच लागतो. घड्याळाचा तंटा तेवढा उरतो. दुसरा पर्याय व्हर्च्युअल मशीनचा. त्यांत एक सिस्टीम दुसरीच्या पोटांत पाहुण्यासारखी चालते, दोघी एका वेळीं जाग्या राहतात, आणि वरील म्हण खोटी पडते. परंतु त्यासाठीं स्मृति भरपूर लागते, आणि दहा वर्षांपूर्वींच्या ४ गिगाबाईटच्या यंत्रावर दोघीहि धापा टाकूं लागतात.

राहतां राहिला लिनक्स काढून टाकण्याचा प्रश्न. ही वेळ येणें कमीपणाचें नाहीं. कोणाचें काम संपतें, कोणाला जागा हवी असते. पण पुष्कळजण प्रथम विंडोजमध्यें जाऊन लिनक्सचें पार्टिशन पुसून टाकतात आणि पुढच्या खेपेस काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढींच अक्षरें पाहतात. ग्रबचा मोठा भाग त्या पुसलेल्या पार्टिशनमध्येंच असतो. दारावरचा माणूस शिल्लक, पण आंतली किल्ली त्याच्यापाशीं नाहीं. म्हणून अगोदर यूईएफआयच्या यादींत विंडोजच्या बूट मॅनेजरला पहिला क्रमांक द्यावा, यंत्र दोन वेळां सुरू करून खात्री करून घ्यावी, आणि मगच पार्टिशन पुसावें. यादींत उबुंटूचें नांव त्यानंतरहि कांहीं दिवस दिसत राहील. त्यापासून अपाय नाहीं. सुटलेली जागा सी ड्राईव्हला जोडतां येते, पण ती त्याच्या अगदीं लगत पुढें असली तरच. विंडोजचें स्वतःचें दुरुस्तीचें छोटें पार्टिशन मध्यें आडवें आलेलें असेल, तर ती जागा वेगळा ड्राईव्ह म्हणूनच वापरावी.